मी इथंच थांबते

१

बगळा सापडला तो दहाव्या दिवशी. शहराबाहेरच्या बंद पडलेल्या खडीच्या खाणीत, हात पाठीमागे बांधलेले. सापडला असं आपलं म्हणायचं. ज्यांनी पळवला त्यांनीच पोलिसांना फोन करून जागा सांगितली. डॉक्टर म्हणाले, आदल्या दुपारपर्यंत जिवंत होता.

ही बातमी फोटोवाल्यानं घरात आणली तेव्हा मावशी गच्चीच्या जिन्यात चादरींच्या घड्या घालत होती. फोटोवाला हा तिच्या तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू, वर्तमानपत्रांना फोटो विकून पोट भरणारा आणि एरवी तोंडाचा पट्टा कधी बंद न ठेवणारा. आज भिंतीला टेकला आणि काहीतरी बोलला.

"तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस," मावशी म्हणाली. "हल्लीच्या माणसांना ओठ हलवायचे कष्ट पडतात. नीट बोल."

"मारलं त्याला, मावशी!" तो ओरडला, आणि ते सगळ्या जिन्यानं ऐकलं. खाली सुनेच्या मांडीवरचं तान्हं दचकून रडायला लागलं.

मावशीनं हातातली घडी काठाला काठ लावून पुरी केली. मग ती उलगडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.

बगळा हे नाव तिनंच ठेवलेलं. परदेशातल्या एका मोठ्या वर्तमानपत्राचा बातमीदार, आठ महिन्यांपूर्वी तिच्या दुसऱ्या मजल्यावर राहायला आला, तो मान पुढे काढून आणि टांगा उचलून टाकत. नावाचा अर्थ कळला तेव्हा गड्यानं रागावायचं सोडून एका पायावर उभ्या बगळ्याचं चित्र काढून स्वतःच्या दारावर डकवलं. असल्या माणसावर रागवायचं तरी कसं?

त्याची गाडी चालवायचा मावशीचा थोरला मुलगा. अंगानं आडवा आणि बापासारखा अबोल, म्हणून सगळे त्याला दांडगा म्हणत. बगळा रोज सकाळी चालत तारघरात जाई, आपल्या बातम्या पाठवी, आणि अकराला दांडगा त्याला तारघराच्या पायऱ्यांवरून गाडीत घेई. आठ महिन्यांत यात एकदाही खंड पडला नव्हता. पडला तो बगळा गायब झाला त्या दिवशी. दांडगा गाडी ब्रेकच्या कामाला गॅरेजात घेऊन गेला, पायऱ्यांपाशी दुसरीच एक राखाडी गाडी येऊन लागली, आणि बगळा तीत बसला.

पोलिसांनी दांडग्याला दुसऱ्याच दिवशी उचललं. तो म्हणाला, फोन आला होता, आज गाडी नको म्हणून. फोन कुणी घेतला? बायकोनं. बायको म्हणाली, हो, मी घेतला, साडेदहाला. मग फौजदार मावशीकडे वळला. तुम्ही कुठं होतात? गच्चीवर. फोन वाजला का?

मावशीनं हनुवटी वर केली. "वाजला असता तर मला ऐकू आला असता. माझ्या घरात टाचणी पडली तरी मला कळते. नाही वाजला."

ते वाक्य फौजदारानं जसंच्या तसं उतरवून घेतलं, खाली मावशीनं अभिमानानं सही केली, आणि मग तिला कळलं की आपण कशावर सही केली. पण शब्द मागे घेईल तर ती मावशी कसली! त्यातून तिची खात्रीच होती. दांडगा गाडी घेऊन कुठंतरी हुंदडायला गेला असणार आणि त्याच्यावर पांघरूण घालायला सुनेनं ही फोनाची टूम काढली असणार. त्या दिवसापासून सून "आई, तो फोन—" एवढं म्हणाली की मावशी सांगे, "तुझ्या त्या फोनाचं नाव काढू नकोस माझ्यापुढं." नऊ दिवस असेच गेले.

शुक्रवारी संध्याकाळी फौजदाराचा निरोप आला. आता हे नुसतं पळवापळवीचं प्रकरण राहिलं नाही. सोमवारी दांडग्याला कोर्टात उभं करणार, खुनातला साथीदार म्हणून.

२

शनिवारी सकाळी बगळ्याची बहीण आली. तशीच उंच, तशीच मान पुढे. जिन्यात तिला पाहून मावशीनं कठड्याला धरलं.

तिच्याबरोबर दुभाषी होता. बगळा मुलाखतींना जाई तेव्हा हा बरोबर असायचा. समोरच्याचं बोलणं इंग्रजीत सांगायचं, याचं समोरच्याला. कडक इस्त्री, चार भाषा आणि गळा असा की कुणाचाही आवाज काढावा. पोस्टमन, फौजदार, रेडिओवरची बाई, सगळे त्याच्या घशात राहायला होते. महिन्यापूर्वीपर्यंत आठवड्यातून तीनदा मावशीकडे जेवायला यायचा.

ते जेवण कसं तुटलं ते सांगायला हवं.

बगळा आपली भाषा शिकला तो मावशीकडून, स्वयंपाकघरात स्टुलावर बसून. मावशी जे बोले ते तो गिरवी. मावशी म्हणे, "मी येते." तोही म्हणे, "मी येते." मावशी म्हणे, "मी दमले बाई," आणि सहा फुटी मिशाळ माणूस संध्याकाळी जिना चढून येत म्हणे, "मी दमले बाई!" सगळं घर हसायचं, तोही हसायचा, आणि दुरुस्त करायचं कुणाच्या मनात यायचं नाही. इतकं ते गोड वाटायचं.

एका रात्री जेवताना दुभाष्यानं बगळ्याची नक्कल केली. तोच आवाज, तेच अडखळणं, "मावशी, मी जेवले, मी आता झोपते." पानावरचे सगळे लोळले. सर्वांत जास्त हसली मावशी, डोळे पुसपुसून. हसता हसता तिचं लक्ष गेलं तर बगळ्याचे कान लाल झाले होते आणि तो ताटाकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरात आला. म्हणाला, मला पुरुषासारखं बोलायला शिकव. आणि तो माणूस जेवायला असेल तर मी खोलीत जेवेन.

मावशीनं दुभाष्याला दारातच गाठलं. "आजपासून तुझं जेवण बंद. आणि तुझी ती पोपटपंची काही दिवसांची आहे. त्याला मी असा तयार करते की तुझी गरजच उरणार नाही." चार भाषा येणाऱ्याला एकाही भाषेत उत्तर सुचलं नाही, याचा मावशीला त्या दिवशी फार आनंद झाला होता.

मग सुरू झाली शिकवणी. ती बगळ्याला न्हाणीघरातल्या आरशापुढे उभा करी. "ते म्हणताना ओठ फाकतात, तो म्हणताना गोल होतात. गोल कर. येतो, जातो, थांबतो." आठवड्यात जमलं. शेवटचे पंधरा दिवस तर गडी एकदाही चुकला नव्हता. फक्त दुभाष्यापुढे तो आपली भाषा बोलायचाच नाही. त्याच्याशी इंग्रजीवर भागवायचा.

आता तोच दुभाषी बहिणीशेजारी बसून मऊ आवाजात मावशीला सांगत होता, "यांना एवढंच हवंय. त्या दिवशी तो शेवटचं कुणाशी काय बोलला, ते ज्याचं त्यानं आपल्या तोंडानं सांगावं."

मावशी म्हणणार होती, या घरात तो कुणाशी बोलला नाही. पण बहिणीची नजर केव्हाच तिच्या मागे गेली होती, दारात बाळाला घेऊन उभ्या असलेल्या सुनेकडे.

३

"बोल," मावशी म्हणाली. बहिणीपुढे तिला सुनेला गप्प बसवता येईना. "सांग काय ते."

सून समोर येऊन बसली. दोन महिने आईकडे बाळंतपणाला होती; परतली ती नेमकी त्याच दिवशी, सकाळी नऊला. बगळ्याची नि तिची गाठही पडली नव्हती.

"साडेदहा झाले होते," ती म्हणाली. "हे खाली गाडीखाली शिरले होते, ब्रेक बघत. फोन मी घेतला. बगळेकाकांचा आवाज. म्हणाले, मी इथंच थांबते, आज गाडी नको."

मावशी समोरच्याच्या ओठांकडे बघत ऐकायची. कधीपासून, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिनं पाहिलं, शेवटच्या अक्षराला सुनेचे ओठ फाकले.

"काय म्हणाला? पुन्हा सांग."

"मी इथंच थांबते."

"थांबतो."

"नाही आई, थांबते. त्यांचं नेहमीचंच ना."

दुभाष्याच्या चेहऱ्यावर एक दुःखी हसू आलं. "अगदी त्याचंच बोलणं," तो म्हणाला. "शेवटपर्यंत बायकांसारखं बोलला बिचारा." आणि तो बहिणीकडे वळून इंग्रजीत सांगायला लागला. सुनेच्या दोन वाक्यांची त्यानं चार केली. बहीण ऐकत होती. मध्येच तिनं हात वर केला, टेबलावर दोन बोटं उभी केली आणि चालवली, एक पाय, दुसरा पाय, टेबलाच्या कडेपर्यंत. भुवया उंचावून तिनं सुनेकडे पाहिलं.

"हो," सून म्हणाली, "संध्याकाळी चालत येते म्हणाले." आणि मग तिच्या कपाळावर आठी पडली, डब्यात हात घालावा आणि आतलं आधीच कुणी काढून घेतलेलं निघावं तशी.

मावशी त्या दोन बोटांकडे बघत राहिली. सुनेनं अजून सांगितलंच नव्हतं. मग बहिणीच्या बोटांना चालणं शिकवलं कुणी?

४

ती मंडळी गेल्यावर मावशीनं पहिल्यांदा तिसरा मजला गाठला.

"खरं सांग," तिनं फोटोवाल्याला विचारलं, "बगळा शेवटी शेवटी कसं बोलायचा?"

"कसं म्हणजे? तुम्हीच पाजळलात ना त्याला! मी आलो, मी गेलो, मी दाढी केलो."

"दाढी केलो?"

"त्याला इतका आनंद झाला होता की जिथं लागत नाही तिथंही लावायचा. परवा इथं—" फोटोवाला थांबला. परवा नव्हे, आता त्याला महिना होत आला होता. तो खिडकीशी गेला आणि बराच वेळ तिकडेच तोंड करून उभा राहिला. मावशीला त्याची पाठ दिसत होती. तो काही बोलत असला तरी तिला ते कळलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही.

तिथून ती तारघरात गेली. खिडकीमागचा तारवाला तीस वर्षं लोकांचे शब्द मोजत आलेला. कोण काय बोललं ते त्याच्या डोक्यात अक्षरन् अक्षर बसे.

"त्या दिवशी दहाला आला," तो म्हणाला. "पावणेअकराला त्याचं काम संपलं. मी म्हटलं, आत येऊन बसा. तर म्हणाला, नको, मी अकरापर्यंत पायऱ्यांवर थांबतो."

"थांबतो?"

"थांबतो. वर म्हणाला, माझी गाडी येणार आहे."

"पावणेअकराला म्हणाला, गाडी येणार आहे?" मावशीचा हात खिडकीच्या गजाला लागला. "आणि साडेदहाला त्यानं कुणाला फोन केला होता?"

"फोन माझ्या टेबलावर असतो, मावशी. हात लावला नाही त्यानं."

"हे पोलिसांना सांगितलं नाहीस?"

"त्यांनी गाडीचा रंग विचारला, तो सांगितला. फोनाचं विचारलंच नाही." तारवाला जरा घुटमळला. "म्हणाले, त्याची गरज नाही. घरी फोन वाजलाच नाही, असा घरातल्याच कुणीतरी जबाब दिलाय."

मावशी घरी चालत आली. वाटेत दोघा-तिघांनी तिला हाका मारल्या म्हणे. तिला त्या ऐकू आल्या नाहीत.

५

रविवारी सकाळी तिनं फोटोवाल्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं. "दहाला बरोबर घरी फोन लाव. कुणी उचलेपर्यंत वाजू दे." सुनेला खाली फोनापाशी उभं केलं आणि स्वतः गच्चीवर गेली.

ओल्या चादरी फडफडत होत्या. मावशी जिन्याच्या तोंडाशी, त्या दिवशी उभी होती तिथंच उभी राहिली. दहा वाजले असावेत. मग दहा वाजून गेले. मेला फोटोवाला, एक काम धड करेल तर शपथ! ती कठड्यावरून वाकली.

खाली सून फोनाकडे बोट दाखवत होती. दुसऱ्या हातानं तिनं बाळाचा कान झाकला होता. बाळ हंबरडा फोडत असावं. त्याचं तोंड एवढं मोठं उघडलं होतं.

मावशी हळूहळू पायऱ्या उतरली. पहिल्या मजल्याच्या वळणावर तिला घंटा ऐकू आली, लांबून, पाण्याखालून यावी तशी.

सुनेनं रिसीव्हर उचलून ठेवला. ती काही बोलली नाही. तिला बोलायची सवयच कुठं ठेवली होती?

"बैस," मावशी म्हणाली. "माझ्या तोंडासमोर बैस. तो फोन सगळा सांग. मी मध्ये बोलले तर उठून जा."

सुनेनं सांगितलं. एवढंसं तर होतं. मी इथंच थांबते, आज गाडी नको, काम आहे, संध्याकाळी चालत येते.

"चालत येण्याचं तू कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. यांना दारातून ओरडून एवढंच सांगितलं की आज गाडी नको. फौजदारांनी तेवढंच लिहून घेतलं. तुम्हाला सांगायला आले तेव्हा तुम्ही..." तिनं वाक्य सोडून दिलं. "आणि काल दुभाषी बोलला ना, त्यात मला चालतचा इंग्रजी शब्द ऐकू आला. शाळेत शिकलेय तेवढं. मला वाटलं, मीच सांगून गेले असेन. माझंच चुकतं ना नेहमी."

"मला सांगायला कधी आली होतीस?"

"काय सांगायला?"

"फोनाचं. मला सांगायला कधी आलीस?"

"त्याच दिवशी, आई. अकराला. गच्चीवर आले होते. म्हटलं, बगळेकाकांचा फोन होता, म्हणाले मी इथंच... तुम्ही म्हणालात, पुटपुटू नकोस, बाळ रडतंय, खाली जा."

अकराला. राखाडी गाडी तेव्हा पायऱ्यांपाशी लागत होती. आणि त्यानंतर नऊ दिवस तो कुठल्याशा खोलीत जिवंत होता, आणि त्याला कुणी विकलं ते एका अक्षरात या घरात पडून होतं.

"चप्पल घाल," मावशी म्हणाली. "बाळाला घे. चौकीवर जायचंय."

६

फौजदार काही वाईट माणूस नव्हता, फक्त रविवारचा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मावशीच्या हट्टापायी बगळ्याच्या बहिणीला आणि दुभाष्यालाही बोलावून घेतलं. मग कपाळ चोळत म्हणाला, "एका अक्षरावरून मी माणूस सोडू आणि एका अक्षरावरून धरू?"

"एका नाही," मावशी म्हणाली. "बगळ्याच्या आवाजात फोन करणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक हव्यात. एक, तो बायकांसारखं बोलायचा. ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरी, ते बोलणं त्यानं सोडलं होतं. ते माझ्या दांडग्याला ठाऊक, फोटोवाल्याला ठाऊक, तारवाल्याला ठाऊक. त्यांच्यातल्या कुणी नक्कल केली असती तर थांबतो म्हणाला असता. ज्याला ठाऊक नव्हतं तोच थांबते म्हणाला. ठाऊक नव्हतं कुणाला? माझ्या सुनेला, ती आईकडे होती. आणि ज्याचं मी जेवण तोडलं, त्याला."

"मग सुनेनंच रचलं नसेल कशावरून?"

"रचलं असेल. पण मग चालत येण्याचं तिनं सांगायच्या आधी हा कसा बोलला? विचारा या बाईला."

फौजदारानं बहिणीला इंग्रजीत विचारलं. तिनं पुन्हा दोन बोटं टेबलावर उभी केली, पण या वेळी चालवली नाहीत. मान हलवली आणि ती दुभाष्याकडे बघत राहिली.

दुभाषी इतका वेळ ताठ बसला होता. आता त्यानं मावशीकडे पाहिलं, आणि विचारलं काय तर, "तो थांबतो म्हणायला लागला होता?"

"पंधरा दिवस झाले होते."

"मला कुणी सांगितलं नाही."

मग तो बोलत गेला. त्या माणसांनी त्याला गाठलं होतं. आम्हाला परदेशी बातमीदाराला आमची बाजू सांगायचीय, म्हणाले. मुलाखत, तासाभराची, तू भाषांतर कर. फक्त तो आडदांड ड्रायव्हर नको, बातमीदाराला आम्हीच पायऱ्यांवर मुलाखतीचं सांगून आमच्या गाडीत घेऊ. म्हणून दुभाष्यानं तो फोन केला. "मला वाटलं, एवढी मोठी मुलाखत मी जमवून दिली की त्याला माझी गरज पटेल. मी पुढच्या चौकात उभा होतो, वही घेऊन. गाडी मला घ्यायला थांबणार होती." त्याच्या घशातून कुणाचाच आवाज निघेना, स्वतःचासुद्धा. "थांबली नाही. त्यानं मला काचेतून पाहिलं. हात केला."

"आणि नऊ दिवस?" फौजदार म्हणाला.

"भीती वाटली."

फौजदारानं कागद पुढे ओढला आणि खाली बघत मावशीला काहीतरी विचारलं. मावशीनं त्याच्या ओठांकडे पाहिलं. ते मिशीआड होते. खोलीत सून होती, दुभाषी होता, बगळ्याची बहीण होती.

"मला ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही. त्या दिवशी फोन वाजला होता. माझा जबाब खोटा आहे, तो फाडा आणि हे लिहा."

"फाडता येत नाही, मावशी," फौजदार मोठ्यानं म्हणाला. "खाली नवीन जोडता येतो."

७

दांडगा सोमवारी सुटला. घरी आला, आंघोळ केली, बाळाला घेऊन खिडकीत बसला. मावशीनं चहा ठेवला तो त्यानं घेतला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. ती त्याच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली, तर त्यानं बाळाच्या टाळूवर हनुवटी टेकवली. त्याच्या मनात काय आहे ते कुठल्याच ओठांवरून वाचता येण्यासारखं नव्हतं.

मंगळवारी दुपारी बहीण बगळ्याच्या खोलीतलं सामान न्यायला आली. दोन पेट्या, एक टाइपरायटर. आता दुभाषी कुणी नव्हता. तिनं मावशीचा हात हातात घेतला आणि काहीतरी बोलली. सून हळूच म्हणाली, "त्या तुमचे आभार मानताहेत. म्हणताहेत, तुमच्यामुळं खरं कळलं."

मावशीनं हात सोडवून घेतला.

घ्यायचे होते तर आभार घेता आले असते. कुणाला काय कळणार होतं? कागदावर एवढंच होतं की म्हातारीला फोन ऐकू आला नाही. अकराला सून गच्चीवर आली होती ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"तुझं ते इंग्रजी काढ," ती सुनेला म्हणाली. "फोन आला तेव्हापासून सगळं सांग यांना. तू मला सांगायला आलीस ते. मी काय म्हणाले ते. नऊ दिवस किती वेळा तोंड उघडलंस आणि मी किती वेळा मिटवलं ते."

"आई, कशाला आता? त्यांना आणखी—"

"मी मध्ये बोलणार नाही. सांग."

सून सांगायला लागली. शब्द शोधत, हातांनी भर घालत, कुठं अडली की बहीणच तिला शब्द पुरवी. मावशी खुर्चीत ताठ बसून दोघींच्या तोंडांकडे बघत होती. त्या भाषेतले ओठ तिला वाचता येत नव्हते. आपली हकीकत कुठवर आली, ते ती फक्त बहिणीच्या चेहऱ्यावरून ओळखत होती. एका जागी बहीण पेटीच्या कडेवर बसली. गच्ची आली होती म्हणायची.

सून थांबली. मग बहिणीनं एकच वाक्य म्हटलं, मावशीकडे बघून. सुनेनं मान खाली घातली.

"काय म्हणाली?"

"काही नाही."

"पुरतं सांग मला."

"विचारताहेत..." सुनेनं बाळाचं दुपटं सारखं केलं. "विचारताहेत, ते नऊ दिवस तुम्ही काय करत होता."

मावशीनं तोंड उघडलं.

"सांग तिला, त्याची वाट बघत होते," ती म्हणाली.

सुनेनं ते इंग्रजीत सांगितलं.

"आणि तुला गप्प बसवत होते. तेही सांग."

सून तिच्याकडे बघत राहिली.

"सांग ना," मावशी म्हणाली. "मी ऐकतेय."